कुड्याची लेणी: आधी खाडी बघा, मग आत जा

ग्रीस-इटलीच्या सहलीला जाणारी पेण-रोह्याची माणसे आता नवलाची राहिलेली नाहीत. अशी सहल ठरली की महिनाभर आधी तयारी सुरू होते. टेकडीवरच्या भग्न देवळांची माहिती वाचली जाते, चांगले बूट घेतले जातात, सकाळी दार किती वाजता उघडते हे पाहून ठेवले जाते. हीच माणसे रोह्याहून गाडीने तासाभराच्या वाटेवर असलेली कुड्याची लेणी पाहायला कशी जातात? मुरूडला जाता जाता, जेवण आटोपून, भर उन्हात, हातात बॅटरी नाही, डोक्यावर टोपी नाही. वीस मिनिटांत खाली उतरतात आणि 'काळोख्या खोल्या आहेत, बाकी काही नाही' असे सांगत सुटतात. मला याचे फार वाईट वाटते. ज्या भूमध्य समुद्राकाठच्या टेकड्या पाहायला आपण लाखो रुपये खर्चून जातो, त्या समुद्राकडच्या व्यापाराने ज्या खाड्यांना बरकत आली, त्यातल्याच एका खाडीवर ही लेणी आहेत. तिथे कसे जावे, केव्हा जावे आणि गेल्यावर काय पाहावे, ते सविस्तर लिहितो.

कुडे हे गाव आज तळा तालुक्यात येते. जुन्या पुस्तकांत ते माणगाव तालुक्यात सापडेल, कारण तळा तालुका नंतर झाला. राजपुरी खाडी, म्हणजे जिच्या तोंडाशी जंजिरा किल्ला उभा आहे ती खाडी, आत आत शिरत मांदाडपर्यंत येते. तिच्या काठच्या टेकडीत २६ लेणी कोरली आहेत, खालच्या आणि वरच्या अशा दोन थरांत. खालच्या थरात १ ते १५ आणि वरच्या थरात उरलेली. ती बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली असून बहुतेक कोरीवकाम साधारण इसवी सनाच्या पहिल्या तीन शतकांतले आहे. पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास त्यांत बुद्धमूर्तींची भर पडली.

जायला दोन वाटा आहेत. पेणकडच्यांनी मुंबई-गोवा महामार्गाने वडखळ, नागोठणे, कोलाड करत इंदापूर गाठावे आणि तिथून तळा-आगरदांडा रस्त्याला लागावे. रोहेकरांना घोसाळ्याच्या बाजूने मांदाडकडे उतरणारी वाट जवळची. स्वतःची गाडी नसेल तर दिवा-रोहा गाडीने पेणहून रोह्याला या आणि पुढे एसटी किंवा रिक्षा ठरवा. एसटीने जाणार असाल तर एक काम विसरू नका. रोहा स्थानकावर जाण्याच्या गाडीबरोबरच परतीच्या गाडीची वेळही चौकशी खिडकीवर विचारून कागदावर लिहून घ्या. आडबाजूच्या गावांना दुपारनंतर गाड्या विरळ होतात. रिक्षा केलीत तर थांबण्याचे पैसे आधीच बोलून घ्या आणि निदान तीन तासांचा थांबा ठरवा. रिक्षावाला खाली घड्याळ बघतो आहे या विचाराने वर कोणाचेच मन लागत नाही.

दिवस निवडताना ऊन-पावसाचा विचार सगळे करतात. मी त्यात भरतीचीही भर घालतो, ते का ते पुढे येईल. आधी ऊन. २०२३ च्या जुलैत अथेन्सचा अक्रोपोलिस उन्हाच्या तडाख्यामुळे दुपारचे काही तास बंद ठेवावा लागला होता. कोकणात इतकी होरपळ नसते असे वाटत असेल तर शेजारचे भिरा आठवा. २०१७ च्या मार्चअखेर तिथे पारा ४६ अंशांपुढे गेल्याची नोंद झाली होती. समुद्रापासून आत, डोंगरांच्या कुशीत असलेल्या आपल्या मुलखात हवा कोंडते. त्यात लेण्यांपुढचा कातळ तापला की उभे राहवत नाही. म्हणून मार्च ते मे टाळा. पावसाळ्यात टेकडी हिरवीगार असते, हे खरे, पण कातळावरचे शेवाळ फार फसवे असते आणि लेण्यांत पाणी झिरपत असते. भिजलेल्या भिंतीवरचे लेखही नीट दिसत नाहीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. तेव्हा सकाळी धुके असते, दहापर्यंत हवा गार असते आणि शेतात वालाच्या शेंगा भरलेल्या असतात.

आता भरती. आपल्या किनाऱ्यावरचे जुने गणित असे, की तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची अदमासे वेळ मिळते. अष्टमीला सकाळी आणि संध्याकाळी सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. खाडीच्या आतल्या टोकाला पाणी पोचायला थोडा उशीर लागतो. म्हणजे दशमी ते द्वादशीच्या दरम्यान सकाळी आठ-नऊच्या सुमारास कुड्याला पोचलात तर खाडी काठोकाठ भरलेली दिसेल. ओहोटीला गेलात तर चिखल आणि तिवरांची झाडे दिसतील आणि इथे बंदर होते यावर विश्वास बसणे कठीण जाईल.

म्हणून माझी पहिली सूचना हीच आहे. वर पोचल्यावर लगेच लेण्यात शिरू नका. पाठ लेण्यांकडे आणि तोंड खाडीकडे करून दहा मिनिटे बसा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने या समुद्रातल्या प्रवासाचे टिपण लिहून ठेवले. 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या नावाने ते प्रसिद्ध आहे. त्याने आपल्या किनाऱ्यावरच्या बंदरांची नावे उत्तरेकडून दक्षिणेकडे दिली आहेत. कल्याणनंतर सेमुल्ला, म्हणजे चौल. त्याच्या पुढचे नाव मंदगोरा. हे मंदगोरा म्हणजे मांदाड, असे अनेक अभ्यासक मानतात. काही जण ते आणखी दक्षिणेला बाणकोटच्या खाडीकडे शोधतात. पण कुड्याच्या लेखांतल्या सत्ताधाऱ्याच्या नावातच 'मांदव' हा शब्द येतो, आणि खाली दिसणाऱ्या गावाचे नाव मांदाड आहे. मला स्वतःला मांदाडचे पारडे जड वाटते.

तो लिहिणारा सांगतो, की इजिप्तहून जहाजे जुलैच्या सुमारास निघत. नैर्ऋत्येचा वारा, आपला पाऊस घेऊन येणारा तोच वारा, त्यांना अरबी समुद्र पार करून आणी. भरूचच्या बंदरात इटलीची दारू, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच असा माल उतरे. परतताना हस्तिदंत, सुती कापड, मौल्यवान खडे जात. कल्याणबद्दल त्याने एक महत्त्वाची नोंद केली आहे. त्या काळी तिथला व्यापार अडवलेला होता आणि तिकडे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भरूचला नेली जात. मोठ्या बंदरांवरून अशी ओढाताण चाललेली असताना आपल्या बाजूच्या लहान खाड्यांतली बंदरे नांदत होती आणि त्या पैशातून डोंगर कोरले जात होते. भरलेली खाडी डोळ्यांसमोर असली की हे सगळे समजायला सोपे जाते.

आता आत चला. सोबत बॅटरी हवीच. मोबाइलचा उजेड पुरत नाही आणि वेळेवर दगा देतो. शक्यतो अरुंद झोताची, हातात धरायची बॅटरी घ्या. आणि ती भिंतीवर समोरून मारू नका. मीही पहिल्या फेरीत तेच करत होतो आणि समोर नुसता खडबडीत दगड दिसत होता. बरोबरच्या एका अभ्यासू मित्राने बॅटरी माझ्या हातातून घेतली, भिंतीला जवळजवळ टेकवली आणि झोत भिंतीवरून आडवा सोडला. दगडावर एका ओळीत सावल्या उठल्या आणि त्या सावल्यांची अक्षरे झाली. एका बोटाच्या पेराएवढी अक्षरे, दोन हजार वर्षे तिथेच होती. तुम्हीही असेच करा. व्हरांड्याच्या भिंतींवर, दाराच्या आसपास, झोत आडवा धरून सावकाश फिरवा.

लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहेत. ते वाचता येत नाहीत म्हणून निराश होऊ नका. दोनच शब्द शिकून जा. पहिला 'देयधम', म्हणजे धर्मासाठी दिलेले दान. हा इथल्या लेखांत पुन्हा पुन्हा येतो. त्यातला 'ध' अर्धचंद्रासारखा, एका बाजूला सरळ रेघ असलेला. 'म' म्हणजे गोल आणि त्यावर दोन शिंगे. 'य' नांगरासारखा, आणि इथे नांगर म्हणजे होडीचा. दुसरा शब्द आहे 'लेण'. त्यातला 'ण' ही एक उभी रेघ, तिच्या डोक्यावर आणि पायाशी एकेक आडवी रेघ. लेणे हा शब्द आपण आज ज्या अर्थाने वापरतो त्याच अर्थाने तो त्या भिंतीवर आहे. पाण्याच्या टाक्याला आपण लेण्यांत पोढी म्हणतो, तोही शब्द सह्याद्रीतल्या अशाच लेखांतून आलेला. मुलांना बरोबर नेलेत तर हे दोन शब्द शोधायचे काम त्यांना द्या. मोठ्यांच्या आधी तीच शोधून काढतात असा माझा अनुभव आहे.

लेख कोणाचे आहेत हे कळले की लेणी बोलायला लागतात. हा भाग महाभोज म्हणवणाऱ्या सत्ताधाऱ्यांच्या ताब्यात होता. पहिल्या लेण्याचा दाता शिवभूती हा महाभोज मांदव खंदपालित याच्या पदरी असलेला लेखक, म्हणजे दरबारचा लिहिणारा. खंदपालिताची ओळख त्याची आई महाभोजी साडगेरी विजया हिच्या नावाने करून दिली आहे. शिवभूतीनेही बाप सुलसदत्त आणि आई उत्तरदत्ता अशी दोघांची नावे सांगून पत्नी नंदा हिच्यासह हे दान दिले आहे. त्याचा धाकटा भाऊ शिवम. सहाव्या लेण्यातल्या लेखात शिवम, त्याची पत्नी विजया आणि मुलगे यांनी दगडातले मूर्तिकाम दान केल्याचे म्हटले आहे, आणि खांबांच्या दानात मुलींची नावे आहेत. एका कारकुनी घराण्याने, बायका-मुलींसकट, हे काम उचलले होते.

बाकीच्या दात्यांत राजे-महाराजे शोधू नका. वैद्य सोमदेव आहे. फुलमाळी आहेत. कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी महिक आहे. कऱ्हाडहून इथवर घाट उतरून यायला त्याला किती दिवस लागले असतील याचा विचार करा, म्हणजे घाटावरचा माल खाडीत कसा उतरत होता हे ध्यानात येईल. एक ब्राह्मण उपासक आयितिलू, त्याची पत्नी भयिला हिने चैत्यगृह दिले आहे. पदुमिनिका नावाच्या भिक्षुणीचेही दान आहे. ही नावे एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा आणि लेण्यात उभे राहून मोठ्याने वाचा. भगवानलाल इंद्रजी आणि बर्जेस यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांचे लेख १८८१ मध्ये एकत्र प्रसिद्ध केले, त्यात कुड्याचे लेख आहेत, आणि १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्येही या लेण्यांचे वर्णन मिळते. ही जुनी पुस्तके आता संगणकावर फुकट वाचता येतात. जाण्याआधी एक संध्याकाळ त्यांना द्या.

सगळी २६ लेणी सारख्या बारकाईने पाहायचा हट्ट धरू नका. बरीचशी लहान आहेत. पुढे व्हरांडा, आत एखादी खोली, भिक्षूला निजायला दगडी बाक. त्यांतली दोन-तीन पाहिलीत की पुरे. मात्र एखाद्या बाकावर क्षणभर बसा. दाराबाहेरचा उजेड कसा आत येतो ते पाहा. चैत्यगृहांत आत स्तूप आहे आणि छत सपाट आहे. कार्ल्याचे उंच, कमानदार, लाकडी फासळ्यांचे चैत्यगृह डोळ्यांत ठेवून आलात तर ही फार साधी वाटतील. ती साधीच आहेत. राजधानीच्या वाटेवरचे वैभव आणि खाडीकाठच्या व्यापाऱ्यांची ऐपत, यांतला फरक त्यात दिसतो.

वेळ घालवायचा तो सहाव्या लेण्यात. दर्शनी भागात हत्ती आहेत. आत भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरल्या आहेत. त्यांचे दागिने, डोक्यावरची बांधणी, उभे राहण्याची ढब निवांत पाहा. मग त्यांच्या आसपासच्या बुद्धमूर्तींकडे वळा. त्या नंतरच्या, कित्येक पिढ्यांनंतर कोरलेल्या. आधीच्या लोकांनी बुद्धाची मूर्ती कोरली नव्हती, स्तूपापुढे हात जोडले होते. नंतरच्यांनी त्याच भिंतीवर जागा शोधून मूर्ती बसवल्या. जुने आणि नवे काम ओळखायचा सराव करायला याहून चांगली जागा जवळपास नाही.

आता काही गोष्टी टाळायच्या. अक्षरे फोटोत उठून दिसावीत म्हणून त्यांत खडू किंवा कोळसा भरणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून तसे करू नका. दगड सच्छिद्र असतो, रंग आत मुरतो आणि पुसताना अक्षराची कड झिजते. बॅटरी आडवी धरली की फोटो आपोआप चांगला येतो. मूर्तींना हात लावू नका, हळदकुंकू-शेंदूर वाहू नका. हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संरक्षित स्मारक आहे. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पण कायद्याच्या धाकापेक्षा मला एवढेच सांगायचे आहे, की वैद्य सोमदेवाच्या नावाशेजारी आपले नाव कोरण्याइतके आपण काही दिलेले नाही.

लेण्यांच्या कातळकड्यांना आग्या मोहळे असू शकतात. वर नजर टाकूनच पुढे जा. धूर, फटाके, मोठ्याने गाणी, उग्र अत्तर यांतले काहीही नको. मोहळ दिसले तर ते लेणे सोडून द्या. अंधाऱ्या खोल्यांत पाय टाकण्याआधी झोत जमिनीवर फिरवा. साप थंडाव्याला येतात, वटवाघळे तर असतातच. पोढ्यांतले पाणी स्वच्छ दिसले तरी पिऊ नका. माणशी दोन लिटर पाणी घरून न्या. खाण्याचे रोह्यात किंवा तळा गावात आटोपून घ्या, प्रातर्विधीही तिथेच. चढ फार नाही, पण गुडघे दुखत असतील तर काठी घ्या आणि तळ घसरडे नसलेले बूट घाला. वाट चुकलीच तर मोबाइलच्या नकाशापेक्षा गावातल्या एखाद्या मावशींना विचारा. त्या अंगणातूनच हात करून दाखवतात, आणि हल्ली बिबट्या-रानडुक्कर कुठे दिसले आहे हेही सांगतात.

थंडीत गेलात तर पोपटीचा बेत हमखास निघतो. वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, मडके सगळे गाडीत असते. तो बेत जरूर करा, पण खाली शेतात, शेतमालकाला विचारून. लेण्यांच्या व्हरांड्यात जाळ करू नका. त्या धुराचा थर कोरीवकामावर कायमचा बसतो.

दिवस हाताशी असेल तर परतताना तळगड किंवा घोसाळगड यांपैकी एकच निवडा. दोन्ही एका दिवसात उरकायच्या नादात लेण्यांचा वेळ कापला जातो. हे किल्ले लहान असले तरी मोलाचे होते. १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात २३ किल्ले द्यावे लागले तेव्हा शिवाजी महाराजांनी स्वतःकडे राखलेल्या १२ किल्ल्यांत तळे आणि घोसाळे ही दोन्ही नावे आहेत. किल्ल्यांपेक्षा लेण्यांचीच गोडी लागली, तर पुढच्या खेपेला महाडजवळची गांधारपाले लेणी धरा. तिथल्या लेखात कुमार काणभोज विण्हुपालित याचे नाव आहे. त्याही पुढे सुधागड तालुक्यातली ठाणाळे आणि खडसांबळे. त्यांची चढण मोठी आहे, तिथे वाटाड्याशिवाय जाऊ नये.

पेण आणि रोह्याच्या शाळांना एक विनंती करून थांबतो. दरवर्षी तुमच्या सहली बसने लांब लांब जातात, तशा जाऊ द्यात. पण सहावीच्या इतिहासाच्या वर्गाला हिवाळ्यात एकदा सकाळी कुड्याला न्या. मुलांना खाडीकडे तोंड करून बसवा, दर पाच जणांत एक बॅटरी द्या, फळ्यावर 'देयधम' आणि 'लेण' ही ब्राह्मी अक्षरे आदल्या दिवशी काढून दाखवा आणि मग त्यांची त्यांना शोधू द्या. खर्च फक्त गाडीच्या भाड्याचा आहे.